एमडीनंतरची पीएचडी: प्रवेशापासून व्हायव्हापर्यंतचे (तोंडी परीक्षेपर्यंतचे) टप्पे आणि ते नेमके कुठे चुकतात

वैद्यकीय शाखेतली पीएचडी रखडते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी रुग्णांची माहिती गोळा होते आणि मग एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) अर्ज जातो. आधी शीर्षक ठरतं आणि मग त्यात बसेल असा प्रश्न शोधला जातो. नमुन्याचा आकार (किती जणांचा अभ्यास करायचा) सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायच्या आदल्या रात्री काढला जातो. यातल्या काही चुका नंतर निस्तरता येतात, काही येत नाहीत. म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या.

मूळ चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) पीएचडी नियमावलीची आहे. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये राजपत्रात आली. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असो, गोवा विद्यापीठ असो की एखादं अभिमत विद्यापीठ, प्रत्येकाचे स्वतःचे नियम आणि अर्जाचे नमुने असतात. चौकट इथून समजून घ्या. तारखा, शुल्क आणि नमुने मात्र आपल्या विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या अधिसूचनेतूनच घ्या. सीनियरकडे पडून असलेली जुनी पीडीएफ वापरू नका, कारण २०१६ आणि २०२२ च्या नियमांत महत्त्वाचे फरक आहेत.

आधी एक गैरसमज

आपल्याकडची एमडी किंवा एमएस ही तीन वर्षांची क्लिनिकल पदव्युत्तर पदवी आहे. तिच्यात प्रबंध असतो, तरी ती संशोधनाची डॉक्टरेट नव्हे. अमेरिकेत एमडी ही डॉक्टर होण्याची पहिलीच पदवी आहे. ब्रिटनमध्ये ‘एमडी रिसर्च’ ही खरोखर संशोधनाची डॉक्टरेट असते, पण ती तिथल्या पीएचडीपेक्षा सहसा लहान. परदेशी जाणाऱ्यांनी अर्ज करण्याआधी ही नावं नीट पाहावीत. इथून पुढे फक्त भारतातल्या पीएचडीबद्दल.

टप्पा १: पात्रता, मुदत आणि एनओसी

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल तर तिचा निम्मा अभ्यासक्रम संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. निवडीत लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. डॉक्टर मंडळी आपला विषय कोळून प्यालेली असतात आणि संशोधन पद्धतीत गुण घालवतात. तयारीचा वेळ त्या निम्म्या भागाला द्या.

मुदत किमान ३ वर्षं आणि कमाल ६ वर्षं, कोर्सवर्क (सक्तीचा अभ्यासक्रम) धरून. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी.

नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्यांची एनओसी बहुतेक वेळा अपुरी असते. ‘आमची हरकत नाही’ एवढी एक ओळ पुरत नाही. अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे अभ्यासाला पुरेसा वेळ मिळतो आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कार्यमुक्त केलं जाईल, हे तिन्ही मुद्दे पत्रात हवेत.

तपासा: बदलीची नोकरी असेल, तर बदली झाल्यावर संशोधन केंद्राचं आणि डेटाचं काय होईल, हे विभागप्रमुखांशी आधीच बोलून ठेवा.

टप्पा २: गाइड

यूजीसीच्या नियमांनुसार गाइडची स्वतःची पीएचडी झालेली असावी लागते. प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांना किमान ५, तर सहायक प्राध्यापकांना किमान ३ शोधनिबंधांची अट आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांत नावाजलेल्या अनेक प्राध्यापकांकडे एमडी असते, पीएचडी नसते. त्यामुळे ‘सर हो म्हणाले’ एवढ्यावर विसंबू नका. विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त गाइडच्या यादीत त्यांचं नाव तुमच्याच विषयाखाली आहे का, आणि जागा रिकामी आहे का, ते पाहा.

यादीत नसलेली एक गोष्टही पाहावी: त्यांच्या हाताखालून आजवर किती जण पदवी घेऊन बाहेर पडले आणि किती अर्ध्यात सुटले. त्यांच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळतं, हा एकच प्रश्न विचारला तरी बरंच कळतं.

टप्पा ३: प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एमडीच्या प्रबंधाची सवय इथे आड येते. एमडीला एक अभ्यास पुरतो: ओपीडीत येणारे रुग्ण, दीड-दोन वर्षांची नोंद, तक्ते, चर्चा, निष्कर्ष. पीएचडीला एक प्रश्न लागतो आणि त्याच्या पोटातून निघालेले, एकमेकांवर आधारलेले दोन-तीन अभ्यास लागतात. परीक्षक पहिल्यांदा हेच विचारतो: आधी काय माहीत नव्हतं, आणि तुमच्यामुळे काय कळलं?

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर मातेला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस दिली जाते. आता ‘अमुक तालुक्यातील गरोदर मातांमधील रक्तक्षयाचा अभ्यास’ हा पीएचडीचा विषय होत नाही. ते शीर्षक आहे, त्यात प्रश्नच नाही.

प्रश्न असा हवा: गोळ्या हातात पडूनही त्या पोटात का जात नाहीत, आणि आशा ताईंनी ठरावीक पद्धतीने समुपदेशन केलं तर त्यात फरक पडतो का? यातून तीन अभ्यास आपोआप निघतात. पहिला, किती माता गोळ्या पूर्ण घेतात याचं सर्वेक्षण. दुसरा, न घेणाऱ्या मातांच्या, त्यांच्या सासूबाईंच्या आणि आशांच्या सविस्तर मुलाखती. तिसरा, या दोन्हींतून तयार केलेल्या समुपदेशनाची चाचणी. पहिला अभ्यास काढून टाकला तर तिसरा उभा राहत नाही. उद्दिष्टं अशी एकमेकांत गुंतलेली असावीत.

सावधान: पाचहून अधिक उद्दिष्टं लिहिली असतील तर बहुधा प्रश्न अजून ठरलेला नाही. ‘मूल्यमापन करणे’, ‘अभ्यास करणे’, ‘आढावा घेणे’ अशा क्रियापदांनी संपणारी उद्दिष्टं पुन्हा लिहा. काय मोजणार, कोणात आणि कधी, हे प्रत्येक उद्दिष्टात दिसलं पाहिजे.

तपासा: स्त्रीरोग किंवा कम्युनिटी मेडिसिनबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला दोन मिनिटांत प्रश्न सांगा. ऐकून त्यांनी ‘मग पुढे काय निघालं?’ असं विचारलं तर प्रश्न जमला.

टप्पा ४: कोर्सवर्क

किमान १२ क्रेडिट. संशोधन पद्धती आणि ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा २ क्रेडिटचा पेपर त्यात येतो. उत्तीर्ण व्हायला किमान ५५ टक्के लागतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स अनेक डॉक्टरांनी केलेला असतो. तो उपयोगाचा आहे, पण कोर्सवर्कच्या बदल्यात धरला जाईल असं गृहीत धरू नका. विद्यापीठाकडून लेखी घ्या.

कोर्सवर्कच्या काळातच संदर्भ साठवायला लागा. झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. तिसऱ्या वर्षी चारशे संदर्भ हाताने क्रमवार लावायची वेळ येऊ देऊ नका.

टप्पा ५: सिनॉप्सिस आणि नमुन्याचा आकार

सिनॉप्सिसमध्ये पार्श्वभूमी थोडक्यात आणि पद्धती सविस्तर लिहायची असते. येतात त्या बहुतेक सिनॉप्सिसमध्ये याच्या नेमकं उलट दिसतं: जगभरातल्या आकडेवारीची सहा पानं आणि पद्धतीचं एक.

संख्याशास्त्रज्ञाला इथेच गाठा. डेटा गोळा करून त्यांच्याकडे जाल, तर झालेल्या चुकीचं नाव तेवढं ते सांगू शकतील. नमुन्याच्या आकारात तीन चुका वारंवार होतात, त्या आकड्यांनिशी पाहू.

समजा, आधीच्या अभ्यासांवरून असं दिसतं की साधारण २० टक्के माता गोळ्या पूर्ण घेतात. नेहमीचं सूत्र: ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक. ती ५ टक्के धरली तर ४ × २० × ८० भागिले २५, म्हणजे २५६ माता.

पहिली चूक: चालणारी चूक थेट टक्क्यांत धरली आहे की पीच्या प्रमाणात, हे लिहिलेलंच नसतं. पीच्या २० टक्के धरली तर एल ४ होतो आणि उत्तर ४०० येतं. सूत्र तेच, आकडा दीडपटीहून मोठा. कोणती चूक धरली आणि का, ते एका वाक्यात लिहा. ‘सोयीचा आकडा आला म्हणून’ हे कारण परीक्षकाला बरोबर ओळखू येतं.

दुसरी चूक: गळतीसाठी २५६ मध्ये १० टक्के मिळवून २८२ लिहिलं जातं. दहा टक्के गळून २५६ उरायला हव्या असतील, तर २५६ ला ०.९ ने भागायचं. उत्तर २८५ येतं. फरक तीन मातांचा असला तरी परीक्षक पुढच्या सगळ्या आकड्यांकडे मग संशयानेच पाहतो.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. आपल्या तिसऱ्या अभ्यासात समुपदेशन आशांमार्फत, म्हणजे गावागावांनी होणार. एका गावातल्या माता एकमेकींशी बोलतात, एकाच आशाकडून ऐकतात; त्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. म्हणून नमुन्याला डिझाइन इफेक्टने, म्हणजे गटांमुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो त्या आकड्याने, गुणावं लागतं. दर गावात २० माता आणि गावांतर्गत सहसंबंध (एका गावातल्या माता एकमेकींसारख्या किती, ते सांगणारा आकडा) ०.०५ धरला, तर तो १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ होतो. नमुना जवळजवळ दुप्पट! हे नंतर लक्षात आलं तर नवी गावं कुठून आणणार? विश्लेषणातही माता गावांच्या गटांत आहेत हे धरावंच लागतं.

तपासा: विश्लेषणाचे रिकामे तक्ते आत्ताच आखून ठेवा, शीर्षकं आणि रकाने लिहून. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात जात नाही तो प्रश्नावलीतून काढून टाका.

टप्पा ६: परवानग्या

क्रम असा आहे: संशोधन सल्लागार समिती, मग एथिक्स कमिटी, मग आरोग्य यंत्रणेची परवानगी, मग सीटीआरआय (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी आणि त्यानंतर पहिला सहभागी. दोन पायऱ्या एकाच वेळी चालल्या तरी चालतील, पण पहिला सहभागी नेहमी सगळ्यांत शेवटी.

एथिक्स कमिटीची मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. मंजुरीआधी घेतलेली माहिती कितीही चांगली असली तरी प्रबंधात वापरता येत नाही. ‘पायलट होता’ ही सबबही चालत नाही. पायलटलाही, म्हणजे छोट्या पूर्वाभ्यासालाही, मंजुरी लागते. जुन्या केसपेपरवरचा अभ्यास असला तरी अर्ज करावाच लागतो. त्याला पूर्ण छाननीतून सूट द्यायची की नाही, हे कमिटी ठरवते, आपण नाही.

अर्ज आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या चौकटीत तपासला जातो. समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, आणि डॉक्टरांखेरीज कायद्याची जाणकार व्यक्ती, समाजशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिकही असतात. माहितीपत्रक त्या सामान्य सदस्याला समजलं पाहिजे. तुमची समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे आणि नोंदणीची मुदत चालू आहे, याची खात्री करून घ्या.

मराठी माहितीपत्रक हा सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून ते तयार होतं आणि त्यातून असं वाक्य निघतं: ‘सहभागींची यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात नियुक्ती करण्यात येईल.’ सातवी शिकलेल्या मातेने यातून काय समजावं? असं लिहा: ‘काही गावांत आशा ताई नेहमीसारखी माहिती देतील, काही गावांत नव्या पद्धतीने. तुमच्या गावात कोणती पद्धत, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणकावर ठरेल. डॉक्टर किंवा आशा ताई ते ठरवणार नाहीत.’ रक्त किती घेणार तेही ‘५ मिलिलिटर, म्हणजे साधारण एक छोटा चमचा’ असं लिहा. तपासणीचा खर्च कोण देणार, आणि नाही म्हटलं तरी दवाखान्यातले उपचार तसेच चालू राहतील, ही दोन वाक्यं ठळक हवीत.

लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागीचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. तुमच्याच टीममधला मदतनीस साक्षीदार होऊ शकत नाही. १८ वर्षांखालच्या सहभागींसाठी पालकांची संमती आणि वयानुसार मुलाची स्वतःची संमती, दोन्ही लागतात. सरपंचांनी किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हो म्हटलं म्हणून मातेची संमती टळत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करायचं तर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं. पत्रात गावांची नावं, कालावधी आणि आशांवर पडणारं जादा काम स्पष्ट लिहा. आशांच्या वेळेचा मोबदला बजेटमध्ये धरला नसेल, तर तो आता धरा. त्यांच्या फुकट श्रमांवर पदवी घेणं योग्य नाही.

चाचणी असेल, मग ती औषधाची असो की समुपदेशनाची, तिची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करा. नोंदणीला शुल्क नाही. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त पहिला सहभागी घेण्याआधीचीच नोंद स्वीकारली जाते. छाननीत प्रश्न येतात, उत्तरं द्यावी लागतात, त्यात आठवडे जातात. तेवढा वेळ वेळापत्रकात ठेवा. नोंद नसलेली चाचणी चांगली जर्नल छापत नाहीत, आणि हे नंतर कशानेही भरून निघत नाही.

सावधान: परदेशी संस्थेशी सहकार्य असेल किंवा नमुने देशाबाहेर जाणार असतील तर वेगळी सरकारी मंजुरी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी प्राणी नीतिमत्ता समिती वेगळी असते.

टप्पा ७: माहिती गोळा करताना

पहिल्या दहा सहभागींची माहिती भरून झाली की थांबा आणि ती पूर्ण तपासा. कोणता रकाना रिकामा राहतो? हिमोग्लोबिन कुठे ‘९.५’ तर कुठे ‘साडेनऊ’ असं लिहिलंय का? ओळखीची माहिती एका फाइलमध्ये आणि अभ्यासाची माहिती सांकेतिक क्रमांकासह दुसरीत ठेवा. गावागावांतून फिरणारा एकच लॅपटॉप आणि त्यातली एकच एक्सेल फाइल, हे धोक्याचं आहे.

पद्धतीत काहीही बदलायचं असेल, अगदी एक प्रश्न वाढवायचा असेल तरी, आधी एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज जातो. औषधाच्या चाचणीत गंभीर प्रतिकूल घटना घडली तर ती २४ तासांत कळवायची असते.

सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी प्रगती सादर करावी लागते. हे सादरीकरण सहीपुरतं उरकू नका. त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदलेल्या सूचना आणि त्यांवर तुम्ही केलेली कार्यवाही, हाच पुढे मुदतवाढीच्या वेळी तुमचा एकमेव पुरावा असतो.

टप्पा ८: लेखन, पेपर आणि प्लेजरिझम

पद्धतीचं प्रकरण मंजुरी मिळताच भूतकाळात लिहून ठेवा. त्यानंतर निकाल, मग चर्चा आणि प्रस्तावना शेवटी. सर्वेक्षणासाठी स्ट्रोब आणि चाचणीसाठी कन्सॉर्ट या तपासणी-याद्या समोर ठेवून लिहिलं तर परीक्षकाचे निम्मे प्रश्न आधीच मिटतात.

२०२२ च्या नियमावलीने प्रबंधाआधी पेपर प्रसिद्ध करण्याची देशपातळीवरची सक्ती काढली. अनेक विद्यापीठांनी ती स्वतःच्या नियमांत ठेवली आहे, म्हणून तपासा. सक्ती नसली तरी एक पेपर आधी पाठवाच. बाहेरच्या समीक्षकांचे आक्षेप व्हायव्हाआधी कळलेले बरे. आठवड्यात स्वीकृती देऊन पैसे मागणाऱ्या जर्नलला हात लावू नका.

प्लेजरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य. यूजीसीच्या त्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचं इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारित प्रबंध ठरलेल्या मुदतीत, कमाल सहा महिन्यांत द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष प्रबंध देता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द होते. मोजताना संदर्भसूची आणि सर्वसामान्य वापराचे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे वगळले जातात. वैद्यकीय प्रबंधांत साम्य सर्वाधिक निघतं ते साहित्य आढाव्यात, कारण दुसऱ्यांच्या पेपरचे सारांश उचलून एकाखाली एक चिकटवलेले असतात. शब्द फिरवून आकडा खाली आणायच्या मागे लागू नका. पेपर बंद करा, त्यातून आपल्या प्रश्नाला काय मिळालं ते आपल्या शब्दांत लिहा, मग उघडून आकडे पडताळा.

स्वतःचा प्रसिद्ध पेपरही साम्यात दिसतो. तो कसा वगळायचा आणि त्यासाठी गाइडचं कोणतं प्रमाणपत्र लागतं, हे सादर करण्याआधी विद्यापीठाकडून विचारून घ्या.

टप्पा ९: सादरीकरण, व्हायवा आणि त्यानंतर

प्रबंध देण्याआधी सल्लागार समितीपुढे खुलं सादरीकरण होतं. त्यात आलेल्या सूचना प्रबंधात उतरवाव्या लागतात. नंतर गाइडखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध वाचतात. त्यांतल्या एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे जातो, आणि तो अनुकूल असेल तरच व्हायवा होते.

व्हायव्हाला जाताना प्रबंध पाठ करू नका. प्रत्येक परीक्षकाच्या अहवालातला प्रत्येक आक्षेप, त्याला दिलेलं उत्तर आणि दुरुस्तीचा पान क्रमांक असा तक्ता सोबत न्या. तुमच्या अभ्यासाच्या मर्यादा परीक्षकाने काढण्याआधी तुम्हीच सांगा. आपल्या उदाहरणात, गोळ्या घेतल्याचं मातांनी सांगितलं म्हणून मानलं, रिकामी पाकिटं मोजली नाहीत, ही मोठी मर्यादा आहे. तिचा निष्कर्षावर कोणत्या दिशेने परिणाम झाला असेल, तेही सांगता आलं पाहिजे.

पदवी मिळण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन भांडारात, जाते. पेपर अजून यायचे असतील तर ठरावीक काळ प्रबंध खुला न करण्याची विनंती करता येते का, हे ग्रंथालयाला आधी विचारा.

तीन कामं जवळजवळ सगळ्यांची राहून जातात. सीटीआरआयवरची नोंद वर्षानुवर्षं ‘भरती चालू’ दाखवत राहते. ती ‘पूर्ण’ करा आणि निष्कर्ष जोडा. एथिक्स कमिटीला समाप्तीचा अहवाल द्या. आणि ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केलं, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशांना निष्कर्षांचं एका पानाचं मराठी टिपण पोहोचवा, त्यांच्या मासिक बैठकीच्या दिवशी.